खेळाडूंपासून खेळ वाचवण्याचे शास्त्र

टेबलाभोवती पाच जण बसतात. चौघांकडे एकेक पात्र असते: कोणी तलवारबाज, कोणी जादूगार, कोणी कुलपे उघडण्यात वाकबगार चोर. उरलेला एक जण गेम मास्टर, आणि त्याच्याकडे उरलेले सगळे जग असते. राजा तोच, राक्षस तोच, सरायवालाही तोच. नदीला पूर आला आहे की नाही हेही तोच ठरवतो. आपले पात्र काय करणार हे खेळाडू तोंडाने सांगतो, जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा पडतो आणि पुढे काय झाले ते गेम मास्टर सांगतो. या नामी व्यवस्थेत एकच दोष राहून गेला आहे: खेळाडू. अनुभवी मंडळी नवोदितांना सांगतात की खेळाडूंचे ऐका, त्यांना काय आवडते ते विचारा, आपण आखलेले सोडून द्यायची तयारी ठेवा. हा सल्ला म्हणजे त्या दोषापुढे पत्करलेली शरणागती होय. प्रस्तुत मार्गदर्शन दुसऱ्या पक्षाचे आहे. खेळ उत्तम व्हायचा तर खेळाडूंच्या निर्णयांचा त्यावर होणारा परिणाम शून्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा आणि तो शून्य असल्याचे त्यांना कळू देऊ नये, एवढेच त्याचे प्रमेय.

पुरावा या छंदाच्या जन्मकथेतच आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली या युद्धखेळाच्या शौकिनाने ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक गावात नेपोलियनच्या काळातला एक डाव मांडला. तोवर दोन बाजू, दोन सेनापती आणि मध्ये पंच असा शिस्तीचा मामला असे. वेस्लींनी जादा आलेल्या मंडळींना महापौर, बँकर, विद्यापीठाचा कुलगुरू अशा भूमिका वाटल्या. मंडळींनी पाळीची वाट बघायची सोडून कोपऱ्याकोपऱ्यांत कुजबुज सुरू केली, परस्पर सौदे केले; दोघे तर द्वंद्वयुद्धाला उभे राहिले, ज्यासाठी नियमच नव्हता. नियोजित लढाई बाजूलाच राहिली. डाव फसला, असे वेस्लींचे मत झाले, आणि त्या खोलीतले ते एकमेव जबाबदार मत होते. पण खेळणाऱ्यांनी आणखी डाव मागितले. त्याच कंपूतल्या डेव्ह आर्नेसन यांनी पुढे ब्लॅकमूर नावाचे स्वतःचे जग उभे केले, ते गॅरी गायगॅक्स यांना दाखवले, आणि दोघांनी मिळून रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली हजार प्रतींच्या पहिल्या आवृत्तीने बाजारात आला. म्हणजे या सगळ्या छंदाचे मूळ पंचाच्या हातून निसटलेल्या एका डावात आहे. याला कोणी शोध म्हणतात. शिस्तप्रिय माणसाने अपघात म्हणावे. आणि अपघाताच्या जागी धोक्याचा फलक लावायचा असतो, जत्रा भरवायची नसते.

उपाय तर त्याहून जुना आहे. राइसविट्झ यांचा क्रीगश्पील हा नकाशावरचा युद्धखेळ १८२४ पासून प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरात होता. त्यात फासे होते, तक्ते होते आणि तक्ते चाळून दमलेले पंच होते. १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा यांनी फासे आणि तक्ते बाजूला सारले आणि निवाडा सर्वस्वी पंचावर सोपवला. यावर आक्षेप असा की व्हेर्डी हे १८७०च्या युद्धात मोल्टके यांच्या हाताखाली काम केलेले अधिकारी होते. पायदळाला टेकडी चढायला किती वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होते. आपल्या गेम मास्टरने नियमपुस्तक अर्धेच वाचलेले असते, आणि तेही आदल्या रात्री. आक्षेप बिनतोड वाटतो खरा. पण ड्रॅगनला टेकडी चढायला किती वेळ लागतो हे मोल्टके यांनाही सांगता आले नसते. विषय जितका काल्पनिक तितका निवाडा करणाऱ्याचा अधिकार निरंकुश, हे एकदा मान्य केले की वाचनाची अट आपोआप गळून पडते.

हा अधिकार वापरावा मात्र बेताने, म्हणजे दिसणार नाही असा. जंगलात वाट फुटते. डावीकडे पडकी गढी, उजवीकडे दलदल. खेळाडू नकाशा मागतात, वाद घालतात, मागच्या खेपेस भेटलेली म्हातारी काय म्हणाली होती ते कोणीतरी वहीतून शोधून काढतो. त्यांना खुशाल भांडू द्यावे आणि तेवढ्यात चहा घ्यावा. राक्षस एकच तयार केलेला आहे आणि मंडळी ज्या वाटेने जातील त्या वाटेवर तो उभा असणार आहे. जाणकार या प्राण्याला ‘क्वांटम ओगर’ म्हणतात. त्यांची तक्रार अशी की ही चलाखी एकदा उघडी पडली की खेळाडू विचार करणेच सोडतात. म्हातारीचे म्हणणे आठवणारा वही आणत नाही आणि वाट कोणती घ्यायची हे नाणे उडवून ठरते. तक्रार खरी आहे, फक्त ती तक्रार का आहे हे कळत नाही. वही न आणणारा खेळाडू प्रश्नही विचारत नाही. फाशाचेही असेच. तो कायम पुठ्ठ्याच्या पडद्यामागे टाकावा, कपाळाला आठ्या घालून आकडा बघावा आणि आधी ठरवलेलेच सांगावे. याला मोठा आधार आहे: गायगॅक्स यांनी १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये फाशाचा कौल बाजूला सारण्याचा हक्क गेम मास्टरला दिला आहे. हा हक्क खेळाडूंना गंभीर इजा करण्यासाठी वापरू नये, असेही तिथेच म्हटले आहे. पण आधार शोधणाऱ्याने आधार मिळताच वाचन थांबवावे.

तरीही कधीतरी फासा उघड्यावर टाकावा लागतो. तिथे गणिताची मदत घ्यावी. कथेचा उलगडा तीन खुणांवर बेतावा, पहिली सापडल्याखेरीज दुसरी आणि दुसरीखेरीज तिसरी सापडू नये, आणि प्रत्येकीसाठी नऊ किंवा त्याहून मोठा आकडा लागावा. वीस बाजूंच्या फाशावर ही शक्यता ६० टक्के. खेळाडूंना वाटते, निम्म्याहून बरी आहे. तिन्ही लागोपाठ जमण्याची शक्यता मात्र २१.६ टक्के, म्हणजे पाचपैकी जवळजवळ चार मोहिमा एखाद्या भिंतीसमोर चाचपडत संपणार. चौघांनीही फासे टाकले आणि एकाचा लागला तरी पुरे असे ठरले, तर एका खुणेची शक्यता ९७ टक्क्यांवर जाते. म्हणून ‘भिंत एका वेळी एकानेच तपासायची’ हा नियम त्याच क्षणी आठवावा. रॉबिन लॉज यांनी रचलेल्या ‘गमशू’ या पद्धतीत तर अंगी योग्य कौशल्य असलेल्याने योग्य जागी शोध घेतला की कळीची खूण फासा न टाकता देऊन टाकतात. गुप्तहेराने खूण सापडते का यात नव्हे, तिचा अर्थ काय यात डोके लावावे, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण अर्थ लावायचा म्हटले की चार जण चार अर्थ लावणार, आणि त्यातला एखादा गेम मास्टरच्या अर्थापेक्षा सरस निघण्याचा धोका कोणी पत्करावा?

सर्वांत मोठा आक्षेप असा, की एवढेच करायचे असेल तर कादंबरी लिहावी. याचे उत्तर १९८४ सालीच मिळाले आहे. ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांच्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत खेळायच्या मोहिमा आणि वाचायच्या कादंबऱ्या एकाच कथेवर निघाल्या. आता पुढच्या भागात लागणारे पात्र खेळाडूने आधीच मारले तर काय करायचे? महत्त्वाच्या पात्राचा मृत्यू शक्यतो असा घडवावा की प्रेत सापडू नये, अशी सोय त्या मोहिमांतच केलेली होती. कड्यावरून पडला, पाण्यात वाहून गेला, पुढे जिवंत परत. कादंबऱ्या तुफान खपल्या; मोहिमांचे नाव मात्र आजही निघते ते खेळाडूंना रुळांवरून नेल्याचे उदाहरण म्हणून. यावरून टीकाकार म्हणतात की एकाच कथेने वाचक सुखावला आणि खेळाडू कंटाळला, कारण वाचकाला कोणी निवडीचे वचन दिले नव्हते. मुद्दा वजनदार आहे. पण कंटाळलेला वाचक पुस्तक मिटून ठेवतो, आणि कंटाळलेला खेळाडू भिडेखातर पिझ्झा येईपर्यंत तरी बसतो. असा श्रोता कोणत्या कादंबरीकाराला लाभतो?

भीड मात्र अक्षय नसते. दोघे येईनासे होतात, तिसऱ्याला कायम काम निघते, आणि आपले प्रमेय सिद्धीच्या टप्प्यात आले असे गेम मास्टरला वाटू लागते. नेमक्या याच ठिकाणी पुरावा थोडा गैरसोयीचा होतो. खेळाडूंशिवाय चालणारा खेळ आजवर कोणी काढलेला नाही. उलट दिशेने मात्र बरेच काम झाले आहे. रिक लूमिस यांचे ‘बफलो कॅसल’ १९७६ सालीच आले. एकट्याने वाचत, क्रमांकानुसार परिच्छेद गाठत खेळायचे. २००९ साली जेसन मॉर्निंगस्टार यांचा ‘फियास्को’ आला. त्यात तीन ते पाच जण मिळून प्रसंग रचतात, आणि फजितीची सगळी व्यवस्था कोणाच्याही देखरेखीशिवाय आपली आपण करतात. या दोन्हींत गेम मास्टर नाही, आणि त्याची उणीव भासल्याचे खेळणारे सांगत नाहीत. तेव्हा शेवटची व्यावहारिक सूचना: दोन्हींच्या प्रती विकत घेऊन पडद्याच्या आतल्या बाजूला, राक्षसांच्या तक्त्याखाली ठेवाव्यात, आणि कोणी विचारलेच तर त्या जागी खोल दरी आहे असे सांगावे.