कपूर म्हणजे कुणातला?

"हा राज कपूरच्या घराण्यातला का गं?" काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं. त्यांच्या नातीनं शिकागोहून फोटो पाठवला होता, कुणा कपूरनं केलेल्या त्या चकचकीत 'बीन' शिल्पाखाली उभी राहून.

"छे हो काकू, हा अनीश कपूर. मुंबईत जन्मला, १९५४ साली. वडील पंजाबी हिंदू, नौदलात होते, समुद्राच्या तळाची मोजणी करायचे. आई मात्र ज्यू."

"म्हणजे आपल्या कोकणातले शनवार तेली?"

"ते बेने इस्रायली, घरात मराठी बोलणारे. ही मंडळी बगदादची. आणि ऐका तर, आईचे वडील आपल्या पुण्यातल्या लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये, प्रार्थना म्हणायचे."

कढीपत्ता खुडायचा थांबला. "कँपातलं? ससून हॉस्पिटलवाल्या ससूननं बांधलेलं? अगं, मी जन्मभर त्यावरून भाजीला गेले!" आता काकूंना बाकीचा कुळवृत्तांत हवाच होता.

मग मी सांगत गेले. शाळा डेहराडूनला, डून स्कूल. १९७१ला भावाबरोबर इस्रायलला, तिथे किबुत्झवर, म्हणजे सामूहिक वस्तीवर, राहिला. इंजिनिअरिंग धरलं आणि सोडलं. १९७३ला लंडन, चित्रकलेचं कॉलेज. आणि मग १९७९ला इकडे एक फेरी झाली, तीत देवळांबाहेर रंगांचे ढीग दिसले. परत जाऊन त्यानं लहान लहान आकार केले, कुठे शिखरासारखे, कुठे टोकदार, आणि त्यांवर कोरडा रंग असा पेरला की तो खाली जमिनीवरही सांडलेला दिसावा. लाल, पिवळा, निळा. मालिकेचं नाव 'हजार नावं'.

"विष्णुसहस्रनामच की गं!"

"तसंच सगळ्यांना वाटलं, आणि तिथंच गाडी अडली. १९९०ला व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात तो ब्रिटनतर्फे गेला, पुढच्या वर्षी टर्नर पारितोषिक मिळालं, तरी लोक त्याच्या कामात भारत शोधत बसले. 'भारतीय शिल्पकार' म्हटलेलं त्याला रुचत नाही. मला ते पटतं. यॉर्कशायरच्या शिल्पकार हेन्री मूरच्या पुतळ्यात यॉर्कशायर किती, असं कुणी विचारतं का?"

"मूरनं हळदकुंकवाचे ढीग केले नाहीत ना पण," काकू म्हणाल्या. यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. "आणि आपण तरी कुठे मागे राहिलो? त्यानं तिकडे नाव काढल्यावर आपला म्हटलं असेल."

म्हटलंच. २०१२ला पद्मभूषण दिलं, पुढच्या वर्षी तिकडे राणीनं 'सर' केलं. त्याआधी २०१०ला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत त्यानं तोफ मांडली होती, ती लाल मेणाचे गोळे कोपऱ्यातल्या भिंतीवर डागायची. भारतातलं त्याचं पहिलं मोठं प्रदर्शन ते, आणि त्याचं वय तेव्हा छप्पन्न!

"भिंती पुसल्या कुणी?" काकूंचा प्रश्न. खरंच, हे कुणीच लिहीत नाही.

"पण काकू, खरी भानगड पुढेच. ब्रिटनमधल्या एका कंपनीनं व्हँटाब्लॅक नावाचा लेप काढला. इतका काळा की त्यावर पडलेला उजेड जवळजवळ सगळाच गिळतो. २०१६ला कलेत तो वापरायचा हक्क कपूरनं एकट्यापुरता घेतला."

"रंगाचा हक्क? ज्याचं नाव देवळाबाहेरच्या रंगांवर झालं, तो हे करतो?" काकू चिडल्या. मला त्याचं हेच वागणं सगळ्यात कमी आवडतं.

"स्टुअर्ट सेंपल नावाचा एक चित्रकारही चिडला. त्यानं झगझगीत गुलाबी रंग बनवला आणि जगात कुणालाही विकला, फक्त कपूरला नाही, अशी अट घालून."

"शाब्बास!"

"तरी यानं तो कुठूनसा मिळवला, त्यात बोट बुडवलं आणि फोटो इन्स्टाग्रामवर टाकला."

"कुठलं बोट?"

"मधलं."

काकू तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "मग बगदाद नाही आणि लंडन नाही. आहे बाई तो मुंबईचाच."