आधी कोपरे!

घरी कुणी आलं की आमचे तात्या आधी त्याचे पाय बघतात. तोंड नंतर. पुतणीला बघायला आलेल्या मुलाचं शिक्षण, पगार, ठाण्यातला टू बीएचके, सगळं आम्ही विचारून घेतलं. तो जिना उतरल्यावर तात्या एवढंच म्हणाले, "डावा पाय मागे विसरतो. घोट्यात सापडणार."

तरुणपणी डोंबिवलीच्या मातीत तात्या डावा कोपरा खेळायचे. त्याची खूण म्हणजे करंगळी: कायमची बाहेर वळलेली. प्रो कबड्डीचा लिलाव आला की ही करंगळी सांभाळत ते पेन धरतात. लाइट बिलाच्या पाठीमागे सात गोल काढले जातात. त्यातले टोकाचे दोन कागद फाटेपर्यंत गिरवले जातात. "आधी कोपरे. मग मध्यरक्षक. चढाईवाला काय, उरलेल्या पैशांत येतो."

चढाईवाल्यांवर त्यांचा जुना राग. "तीस सेकंद नाचतो आणि पेपरात फोटो! घोटा धरून मान मोडून घेणारा दिसतो का कुणाला?" 2015 ची विजेती यू मुंबा म्हटली की लोकांना अनुप कुमार आठवतो. तात्यांना आठवतो मोहित छिल्लरचा उजवा कोपरा.

2023 च्या लिलावात पाच कोटींच्या थैलीतले 2.35 कोटी पुणेरी पलटणने एकट्या मोहम्मदरेझा शादलुईवर ओतले. इराणचा डावा कोपरा! तात्या आनंदाने उभे राहिले आणि लगेच खाली बसले. शहाणपण सुचलं, तेही पुण्याला? त्या मोसमात पुणे जिंकलंसुद्धा, 28-25. तात्या दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. पुढच्या लिलावात शादलुईला हरियाणाने 2.07 कोटींना उचललं आणि हरियाणा जिंकलं. अंतिम सामना होता पुण्यात, बालेवाडीला. तेव्हा कुठे घरात पेढे आले.

हाच हिशोब संसारातही. मुलाच्या लग्नात हॉलच्या आधी वाढपी आणि पार्किंग सांभाळणारा माणूस ठरला. फोटोग्राफर उरलेल्या पैशांत आला. अल्बमभर नवरदेवाचं डोकं निम्मं कापलेलं आहे, पण पंगतीत मठ्ठा कुणाला कमी पडला नाही. काकू अल्बम काढतात तेव्हा तात्या मठ्ठ्याचा विषय काढतात.

गेल्या गणपतीत सोसायटीच्या संघाची निवड त्यांच्याकडे आली. निवडले सातच्या सात पकडीचे. पहिली चढाई आपली, आणि सातही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी बी विंगचा उजवा कोपरा ढकलला गेला. 'कबड्डी, कबड्डी' पुटपुटत तो मध्यरेषा ओलांडून गेला आणि बोनस रेषेचं लांबूनच दर्शन घेऊन परत आला. दुसरी चढाईही रिकामी. तिसरी डू ऑर डाय. तिच्यात तो गेलाच. मग पुढचा. पकडी मात्र अशा झाल्या की समोरच्यांचा स्टार पोरगा दोनदा पालथा पडला आणि त्याची आई तात्यांशी भांडायला आली.

अर्थात हरलो. मांडवामागे सगळे तोंड पाडून वडापाव खात होते. तात्या एकटे खुशीत.

"संघ झक्कास जमलाय रे," ते म्हणाले. "मधे मधे चढाईला जावं लागतं, तेवढाच त्रास."