लष्करातले शेपूटतज्ज्ञ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिंदेशाहीपासून मराठी घरं आहेत आणि दर दोन-चार गल्ल्यांआड एक शेपूटतज्ज्ञ आहे. तो बहुधा निवृत्त असतो, सगळे त्याला काका म्हणतात आणि प्राण्यांशी त्याचा तसा काही संबंध नसतो. घरात उंदीर निघाला तर काका खुर्चीवर चढतात. पण जो प्राणी कुणी कधी पाहिलेला नाही, त्याच्या दात, नखं आणि शेपटीबद्दल त्यांना तडजोड चालत नाही. गणपतीच्या आराशीत थर्माकोलचा ऐरावत उभा राहिला की काका चष्मा कपाळावर सरकवून दात मोजतात. दोनच भरतात. "भैया, ऐरावत के चार दांत होते हैं." सजावटवाला सोंडेला चिकटपट्टी लावत, मान वर न करता सांगतो, "चार लगाए तो मुंडी आगे गिर जाएगी, काका." "तो फिर ऐरावत मत लिखो. हाथी लिखो." एवढं बोलून काका प्रसादही न घेता निघतात, आणि ती खिरापत होती हे घरी कळल्यावर जास्तच चिडतात.

जग काकांना हसतं, आणि हसण्यामागचा मुद्दा वरकरणी बिनतोड आहे: जे मुळात नाहीच, त्यात चूक ती काय? मला हा मुद्दा नेमका उलटा वाटतो. घोड्याचं चित्र चुकलं तर घोड्याचं काही बिघडत नाही; टांग्याला जुंपलेला खरा घोडा बाहेर उभाच असतो, त्याच्याकडे बघून चित्र सुधारता येतं. ऐरावताला ही सोय नाही. तो त्याच्या तपशिलांपलीकडे कुठेच नाही. रंग पांढरा आणि दात चार एवढीच त्याची इस्टेट, आणि त्यातले दोन दात तुम्ही थर्माकोलच्या वजनापायी काढून घेता! काल्पनिक प्राण्याच्या बाबतीत काटेकोर राहण्याची गरज खऱ्या प्राण्याहून जास्त आहे, कमी नाही.

शिवाय हे वेड काकांनी काढलेलं नाही. महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता या दोघी सवतींची पैज लागते ती उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीवरूनच. विनता म्हणते घोडा सगळा पांढरा, कद्रू म्हणते शेपूट काळी. हरेल तिने दासी व्हायचं. पैज हातची जाणार हे दिसताच कद्रू आपल्या नागपुत्रांना काळे केस होऊन शेपटीला चिकटायला सांगते. जे नकार देतात त्यांना ती शाप देते: जनमेजयाच्या सर्पसत्रात जळून मराल. विनता दासी होते, तिला सोडवण्यासाठी गरुड अमृत आणायला स्वर्गावर चालून जातो. आणि ज्या सर्पसत्राची ही शापवाणी, तिथेच वैशंपायन जनमेजयाला महाभारत सांगतात. एका शेपटीच्या रंगावरून एवढं रामायण, म्हणजे महाभारत, घडलेलं असताना काकांनी दोन दातांसाठी दहा मिनिटं घेतली तर काय बिघडलं?

कुणी म्हणेल, या झाल्या पोथीतल्या गोष्टी, व्यवहारात त्यांनी काय अडतं? अडतं, आणि ग्वाल्हेरात तर फारच. गोपाचलच्या कातळात तोमरांच्या काळात, 15 व्या शतकात, प्रचंड जैन मूर्ती कोरल्या गेल्या. त्यातली बसलेल्या पार्श्वनाथांची मूर्ती 42 फुटांची आहे. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांच्याही डोक्यावर नागफणा असतो. सामान्यतः फणे पाच असले की सुपार्श्वनाथ, सात असले की पार्श्वनाथ. फणे मोजायचा कंटाळा केलात तर मधले पंधरा तीर्थंकर ओलांडून तुम्ही भलत्यालाच नमस्कार करून येता. जुन्या देवळांच्या द्वारशाखांवरच्या दोन नदीदेवतांचंही तेच: पायाखाली मकर असेल ती गंगा, कासव असेल ती यमुना. आणि हा आपल्याच लोकांचा चक्रमपणा म्हणावा तर चीनमध्ये पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा मानला जाई. प्रजेने तो वापरण्यावर बंदी घालणारे कायदे होते. तिथे आपले काका सरकारी नोकरीत असते.

जास्त अडचणीचा आक्षेप वेगळा आहे. शास्त्रं आणि शिल्पं एकमेकांशी कुठे जुळतात? बेसनगरला सापडलेलं इसवी सनापूर्वीचं मकरशीर्ष गूजरी महालाच्या संग्रहालयात आहे. त्या काळचा मकर बराचसा मगरीच्या वळणाचा असे. पुढच्या शतकांत त्याला सोंड फुटली, शेपटीची वेलबुट्टी झाली. मग खरा मकर कोणता? माझं उत्तर असं की मकर बदलला, पण त्याला बदलणाऱ्यांना आधीचा मकर ठाऊक होता. सोंड हा विचार होता. मुंडी पडेल म्हणून दात काढणं ही अडचण आहे. दोन्हींना 'कलाकाराचं स्वातंत्र्य' म्हणणाऱ्यांशी मात्र काकांनी अवश्य भांडावं.

काकांचं चुकतं ते रागाच्या वाटपात. काही तपशील कथेचं आढं असतात. सूर्याचा सारथी अरुण हा विनतेचाच थोरला मुलगा. तिने अंडं वेळेआधी फोडलं म्हणून तो कमरेखाली अपुरा राहिला, आणि त्याच्याच शापाने तिला दास्य आलं. कॅलेंडरवाला त्याला धडधाकट पाय काढून देतो तेव्हा सबंध शापच निराधार होतो. शरभाचं तसं नाही. पोथीत त्याला आठ पाय, पण महाराष्ट्रातल्या गडांच्या दरवाजांवरचे शरभ चार पायांवर आणि पंजाखाली हत्ती दाबून खुशाल उभे आहेत. हत्तीला दाबणारा एवढी ओळख तिथे पुरते. काकांना हा भेद करता येत नाही. ते अरुणाच्या पायांसाठी जितके तापतात तितकेच शरभाच्या पायांसाठी, आणि तितकेच नातवाच्या कार्टूनमधल्या पंखवाल्या घोड्यासाठी, ज्याच्याशी आपल्या पुराणांचं काही देणंघेणं नाही. म्हणून त्यांना आराशीच्या समितीवर जरूर घ्यावं, आणि तेही थर्माकोल कापायच्या आधी. लग्नाच्या पंगतीत मात्र शरभाचा विषय कुणी काढू नये. आठवा पाय येईतो मठ्ठा संपलेला असतो.