मंदाग्नी आणि बेरजेचे पथ्य

आयुर्वेदाच्या परिभाषेत पोटातील पचनशक्तीला जाठराग्नी म्हणतात, आणि चरकसंहितेत त्याच्या सम, विषम, तीक्ष्ण व मंद अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. त्यांपैकी मंद, म्हणजे थोडे खाल्लेलेही वेळेवर न पचण्याची अवस्था मराठी मध्यमवर्गाला विशेष प्रिय असून, ‘हल्ली काही पचत नाही हो’ या वाक्याने सुरू झालेले संभाषण सहसा वाक्य बोलणाऱ्याच्या तिसऱ्या बटाटेवड्यापाशी येऊन थांबते. सर्व रोगांचे मूळ मंद झालेल्या अग्नीत असते, असा वाग्भटाचा अभिप्राय आहे. त्या अभिप्रायाला प्रत्येक घरात संपूर्ण पाठिंबा असतो. पंचाईत होते ती केवळ उपचाराच्या दिशेबाबत.

अग्नी मंदावण्याची कारणे सांगताना ग्रंथकारांनी तीन प्रकारच्या भोजनांवर बोट ठेवले आहे: पथ्य आणि अपथ्य एकत्र खाणे हे समशन, अवेळी किंवा प्रमाणाबाहेर कमी-जास्त खाणे हे विषमाशन, आणि आधीचे अन्न पचण्यापूर्वीच पुन्हा जेवायला बसणे हे अध्यशन. हे तिन्ही दोष एकाच वेळी, एकाच ताटात आणि आग्रहासह पाहावयाचे असल्यास दुपारी अडीच वाजता उठणाऱ्या लग्नाच्या पंगतीसारखे दुसरे स्थळ नाही. त्याच पंगतीत शेवटी पाचक म्हणून विडा देण्याचीही पद्धत आहे, आणि तो खाल्ला की जिलबीचा हिशेब मिटला, असे यजमान व पाहुणे दोघेही मानतात. येथेच मराठी पथ्यविचाराचे मर्म आहे, कारण आयुर्वेदाने जेथे प्रथम वजाबाकी सांगितली तेथे गृहस्थाने बेरीज स्वीकारली असून, त्याच्या लेखी औषध म्हणजे जेवणात वाढलेला आणखी एक पदार्थ असतो.

हिंग्वाष्टक चूर्णाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग अशा आठ द्रव्यांचे हे चूर्ण तुपात कालवून भाताच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावे, असे शास्त्र सांगते. व्यवहारात मात्र पहिला घास श्रीखंडाचा असतो, आणि चूर्णाची आठवण येते ती रात्री पोटाला तडस लागून करपट ढेकरा सुरू झाल्यावर. शिवाय त्यातील हिंग तरी कितपत हिंग असतो, हा प्रश्न उरतोच. खरा हिंग म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडील एका झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक. तो अत्यंत उग्र असल्याने बाजारात बांधानी करून, म्हणजे डिंक व पीठ मिसळून विकला जातो, आणि ते पीठ पुष्कळदा मैद्याचे असते. मैद्याने बिघडलेले पोट अशा रीतीने थोड्या सुगंधित मैद्यानेच सावरण्याचा प्रयत्न होतो.

ताकाचा विषय अधिक नाजूक आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राने पाण्याच्या प्रमाणावरून ताकाचे प्रकार केले असून, दह्यात चौथाई पाणी घालून घुसळले तर तक्र, निम्मे घातले तर उदश्वित, आणि भरपूर पाण्याची निःसत्त्व, पारदर्शक ती छच्छिका, अशी त्याची मांडणी आहे. शहरी उपाहारगृहांत मसाला ताक या नावाने जे मिळते त्याची नोंद अशा प्रकारे सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे. घरचे ताजे ताक मात्र किंचित सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून दुपारच्या जेवणाबरोबर घेतल्यास अनेकांना मानवते, हे मान्य केले पाहिजे.

खरा उपाय लंघन, म्हणजे भूक लागेपर्यंत न खाणे किंवा अगदी हलके खाणे. आणि त्यानंतर पेज, मऊ भात, मुगाचे कढण अशा चढत्या क्रमाने अग्नीला काम देणे, कारण विझत आलेल्या चुलीत एकदम ओंडका सारला तर निखाराही जातो. मराठी संस्कृतीने लंघनासाठी महिन्यातून दोन एकादश्या राखूनही ठेवल्या आहेत. परंतु त्या दिवशीच्या ताटातील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे सारे मूळचे अमेरिका खंडातील असल्याने चरकाला त्यांतील एकाचीही कल्पना नव्हती, आणि साजूक तुपात परतलेल्या खिचडीच्या दुसऱ्या वाढपाबद्दल त्याने काही लिहून ठेवले नाही, ही पळवाट उपवास करणाऱ्याला पुरेशी वाटते.

वजन आपोआप घटणे, शौच काळे होणे किंवा घास गिळताना अडकणे अशी लक्षणे असतील तर ओव्याच्या डबीकडे न वळता डॉक्टरांकडे जावे, कारण तेथे विनोदाला व घरगुती उपायांना सारखीच मर्यादा पडते. एरवी आधीचे अन्न पचल्याच्या खुणा ग्रंथांत स्पष्ट दिल्या आहेत: ढेकर शुद्ध येणे, अंग हलके वाटणे, मलमूत्राचे वेग योग्य वेळी येणे आणि भूक व तहान लागणे. त्या दिसेपर्यंत वाचकांनी समोर आलेली बशी, ती सासुरवाडीहून आलेली असली तरी, नम्रपणे परत पाठवावी.