आईच्या नजरेस पडावे कसे

प्रस्तुत मार्गदर्शन माहेरी निघालेल्या प्रौढ लेकींसाठी आहे. प्रात्यक्षिकाचे ठिकाण म्हैसूर. परीक्षक बाई मूळची बेळगावची, लग्न होऊन इथे आलेली, वय 78. दोन्ही मोतीबिंदू काढलेले, त्यामुळे दुर्दैवाने आता सगळं स्वच्छ दिसतं.

नियम पहिला, प्रवेश. फाटकाची कडी वाजल्यापासून पहिल्या शेऱ्यापर्यंत सात सेकंद मिळतात. तेवढ्यात चपलाही काढून होत नाहीत. शेरा दोनपैकी एक असतो, ‘किती सुकलीस!’ नाहीतर ‘सुटलीस गं!’ एकाच आठवड्यात, त्याच वजनाला मला दोन्ही मिळाले आहेत. वजनकाट्याचा दाखला देऊ नये. काटा बिघडलेला असतो.

नियम दुसरा, नाक. या विषयात आपण होऊन शिरू नये. माझं नाक बसकं आहे आणि त्याचा ठपका मला न्हाऊ घालणाऱ्या बाईवर आहे. ‘रोज सांगायचे, तेलाचं बोट लावून नाक ओढ. ती कन्नडात हो म्हणायची आणि पाय ओढायची.’ परिणामी माझे पाय चांगले लांब आहेत. त्याबद्दल पन्नास वर्षांत कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

नियम तिसरा, रंग. ‘चंदनाच्या साबणाच्या गावात जन्मून हा रंग!’ यावर गप्प बसावं. मी एकदाच बोलले, की आपल्याकडे तो साबण न्हाणीघरात पोचलाच कधी? तो वेष्टणासकट कपाटात, रेशमी साड्यांच्या घडीत. आमच्या अंगाला मसुरीच्या डाळीचं पीठ. साबणाचा काही गुण आलाच असेल तर तो तिच्या म्हैसूर सिल्कला. या उत्तरानंतर दोन दिवस अबोला होता. पण चेहऱ्यावर शेराही नव्हता, हे नोंदवून ठेवते.

नियम चौथा, केस. ‘काय या झिंज्या!’ ऐकू आलं की वाद न घालता पायरीवर जाऊन पाठमोरं बसावं. खोबरेल तेलात कढीपत्ता आणि जास्वंदीची फुलं मंद आचेवर कढवायची, पानं काळी पडून कुरकुरीत झाली की गाळायचं. कोमट तेल आधी तळहातावर, मग टाळूवर. तिची बोटं आता वाकडी झाली आहेत, पण भांग अजून दोऱ्यासारखा सरळ पडतो. ती दहा मिनिटं ती काही बोलत नाही. मीही मान हलवत नाही.

एरवी लाच द्यावी. देवराज मार्केटमधून मल्लिगेचा गजरा न्यावा. तो मोळाने मोजतात, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि हात विकणाऱ्याचा. तेव्हा लांब हाताचा माणूस गाठावा, फुललेला गजरा सोडून कळ्यांचा घ्यावा. घरी ‘केवढ्याला दिला? फसवलं तुला!’ होतंच. होऊ द्यावं. पैशांवरून बोलणी खाल्ली की तोंडावरून खावी लागत नाहीत.

नियम पाचवा, तिला सुंदर बाया दाखवू नयेत. मी तिला जगनमोहन पॅलेसमध्ये नेलं होतं. हातात दिवा धरलेल्या बाईच्या त्या प्रसिद्ध जलरंगचित्रापुढे ती बराच वेळ उभी राहिली. लोक त्याला सर्रास रविवर्म्याचं म्हणतात. ते आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, आणि समोर दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. मी ही माहिती अभिमानाने दिली. आई म्हणाली, ‘पदर पेटेल तिचा.’ मग जरा वेळाने, ‘बापानं काढलंय म्हणून इतकं छान आलंय. आईनं काढलं असतं तर खरं काढलं असतं.’

दाराशी पोचल्यावर तिने माझा खांदा धरून मला उजेडाकडे वळवलं, पदराने गालावरचं काहीतरी पुसलं आणि म्हणाली, ‘पोक काढून चालू नकोस.’

सहावा नियम मला स्वतःला पाळता आलेला नाही, तो असा की माहेरी जाण्याच्या तोंडावर केस कापू नयेत. मी मंगळवारी कापले, पार मानेपर्यंत. शनिवारी सकाळी म्हैसूरला पोचते आहे. कुणाकडे बऱ्यापैकी गंगावन असल्यास शुक्रवारच्या आत कळवावे. रंग काळा, दोनचार पांढरे चालतील.