जानेवारीतले महाबली

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सर्वांत सुखाचा काळ म्हणजे मेलबर्नचा डिसेंबर-जानेवारीतला उन्हाळा. सामने मार्चमध्ये, त्यामुळे तोवर कोणीच हरत नाही. सेंट किल्डा क्लबच्या चाहत्यांना याच दिवसांत साक्षात्कार होतो. गेल्या हंगामात ज्याला पोतं म्हणून हिणवलं, तोच खेळाडू आता म्हणे काय सुटसुटीत झालाय! दोन किलोमीटरच्या शर्यतीत पुढे असतो. दंड बघा, पोट बघा. पोट उरलंच नाही, हेच तर बघायचं! चेंडू कुठे मारतो, हे विचारणारा अरसिक.

या क्लबचं एकमेव विजेतेपद १९६६ सालचं. कॉलिंगवूडला ७४-७३ असं हरवलं, ते बॅरी ब्रीनच्या एका गुणाने. गोल साधला की सहा गुण, थोडक्यात हुकला तर एक. हा गुण हुकलेला. म्हणजे इतिहास घडवला तो नेम चुकलेल्या किकने. दंडांचा तिथे काय संबंध?

तरी मार्च येतोच. पहिला पराभव झाला की तेच चाहते त्याच दंडांकडे बोट दाखवतात: ‘सदा व्यायामशाळेत! मेला खेळणार कधी?’