वानखेडेकर काका

नाक्यावरच्या भाजीवाल्याने हिशेब केला. मेथी, गवार, पावशेर आलं, दोन नारळ. झाले दोनशे अडतीस. पण पिशवी वानखेडेकर काकांची होती, म्हणून तो म्हणाला, "दोनशे बेचाळीस झाले, काका."

काकांचा चेहरा उजळला. "लॉईड!"

"नाबाद!" भाजीवाल्याने साथ दिली.

काकांनी खुशीत पैसे मोजले, वर फुकटची कोथिंबीरही मागितली नाही. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर पहिली कसोटी झाली आणि त्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ धावा ठोकल्या. त्या मैदानावरची कसोटीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे. भाजीवाल्याला यातलं काही ठाऊक नाही. लॉईड म्हणजे वरचे चार रुपये, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक आहे.

काकांचं खरं आडनाव वानखेडेकर नाही. दारावरच्या पाटीवर वेगळंच आहे आणि ते वाचून 'पत्ता चुकला' म्हणत परत निघालेला कुरिअरवाला मी स्वतः जिन्यात अडवलाय. काका राहतात डोंबिवलीत. वानखेडेपासून दोन लोकल आणि दादरचा एक पूल एवढ्या अंतरावर. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. क्रिकेटच्या आकड्यांचा वेडा तसा प्रत्येक सोसायटीत एक असतोच, गळकी टाकी असते तसा. पण बाकीचे वेडे साऱ्या जगाचे आकडे गोळा करत फिरतात. काका त्या घाऊक धंद्यात नाहीत. त्यांचं एकच मैदान, त्यावर फक्त फलंदाजी आणि तीही फक्त आंतरराष्ट्रीय.

या आकड्यांच्या बाहेर काकांना जग दिसतच नाही. आमच्या तळमजल्यावरचे आजोबा सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले. सगळे खाली मान घालून उभे होते. काकाही होते. त्यांनी शेजाऱ्याचा खांदा हलकेच दाबला आणि दाटल्या गळ्याने म्हणाले, "गंभीरही सत्त्याण्णवलाच गेला हो." ज्यांना २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवत होता, त्यांनी मान हलवली. ज्यांना आठवत नव्हता, त्यांनी हा गंभीर कोणत्या मजल्यावरचा, याची चौकशी केली.

नव्या माणसाची काका परीक्षा घेतात. प्रश्न ठरलेला. "वानखेडेवर कसोटीत सगळ्यांत जास्त धावा कोणाच्या?" प्रश्न विचारताना चेहरा इतका निरागस की समोरच्याला वाटावं, यांना खरंच माहीत नाही. धाकटीला बघायला मुलगा आला, तेव्हा पोहे यायच्या आधी हा प्रश्न आला.

"सचिन," मुलगा म्हणाला. म्हणणारच. त्याच्या जागी कोणीही असता तरी हेच म्हणाला असता, आणि काकांचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

"गावसकर," काका पापणीही न हलवता म्हणाले. "अकरा कसोटी, अकराशे बावीस धावा, पाच शतकं. सचिन दुसरा. त्याच्याही अकराच कसोटी. नऊशे एकवीस. शतक एकच! सत्त्याण्णव साली श्रीलंकेविरुद्ध, एकशे अठ्ठेचाळीस."

मुलगा इंजिनीअर होता, हार मानणारा नव्हता. त्याने उसनं अवसान आणून विचारलं, "आणि सेहवागचे दोनशे त्र्याण्णव? तेही मुंबईतच ना?"

काकूंच्या हातातला ट्रे थबकला. आत मुलीने कपाळाला हात लावला.

"ब्रेबॉर्न," काका म्हणाले. दोन हजार नऊ सालची ती खेळी झाली ब्रेबॉर्नवर आणि ब्रेबॉर्न वानखेडेपासून चालत दहा मिनिटांवर. पण काकांच्या लेखी ती वेगळी शाखा. "त्या शाखेचा चेक आपल्याकडे वटत नाही." मग पोहे गार होईपर्यंत त्यांनी पूर्वपीठिका सांगितली. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात तिकिटांवरून भांडण झालं, तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष असलेले शेषराव वानखेडे इरेला पेटले आणि त्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं केलं. "तिकिटं मिळेनात म्हणून माणूस फार तर घरी बसतो," काका म्हणाले, "या माणसाने मैदानच बांधलं!" लग्न जमलं. काका अजूनही जावयाची ओळख करून देताना म्हणतात, "मुलगा गुणी आहे. ब्रेबॉर्नचं तेवढं कच्चं आहे."

नियम म्हणजे नियम. रवी शास्त्रीने जानेवारी १९८५ मध्ये याच मैदानावर बडोद्याच्या तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार मारले. पण तो रणजी सामना, त्यामुळे नोंद नाही. आयपीएलचं तर नावच नको. "ते करंट अकाउंट," काका म्हणतात. "नुसती उलाढाल. आपण मुदत ठेवीतली माणसं."

ही सगळी ठेव एका वहीत आहे. लाल कापडी बांधणीची, जाडजूड, दिवाळीच्या वहीपूजनाला शोभेल अशी. वही टीव्हीच्या खालच्या कप्प्यात, लाइट बिलं आणि काकूंचं विणकाम यांच्यामध्ये राहते. आत काकांचं कॅशियरी अक्षर. तारीख, फलंदाज, धावा, प्रतिस्पर्धी असे उभे रकाने आखलेले. शतक शत्रूचं असलं तरी जमेच्याच बाजूला. लॉईड २४२, कोहली २३५, कांबळी २२४, गावसकर २०५ ही द्विशतकं लाल शाईत. रात्रीचा पहारेकरी म्हणून आलेल्या किरमाणीने १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १०१ काढले, त्याच्याभोवती हिरवी चौकट. नवव्या क्रमांकावर येऊन २०१६ मध्ये १०४ करणाऱ्या जयंत यादवलाही तीच चौकट. "ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याने भरणा केला की कॅशियरला जास्त आनंद होतो," हे काकांचं तत्त्व.

पण वहीची खरी मौज शेवटच्या रकान्यात आहे. त्याचं नाव 'शेरा'. बँकेच्या रजिस्टरात शेऱ्याचा रकाना असतोच, त्या सवयीने काकांनी तो आखला आणि त्यात ती खेळी चालू असताना स्वतः कुठे होतो, ते लिहून ठेवलं. मी एकदा चहा गार होईपर्यंत तेवढा एकच रकाना वाचत बसलो होतो.

लॉईड, नाबाद २४२. शेरा: 'इयत्ता नववी. शाळा बुडवून रेडिओ. छड्या ४.'

गूच, ११५, विश्वचषक उपांत्य सामना, ५ नोव्हेंबर १९८७. त्या दिवशी गूचने स्वीपवर स्वीप मारून आपल्याला घरी बसवलं आणि गावसकर आपल्या शेवटच्या आंतरराष्ट्रीय डावात डिफ्रेटासकडून ४ धावांवर त्रिफळाचीत झाला. शेरा: 'शाखेत. कॅश जुळेना. फरक रु. ४.' चार रुपयांची ती तूट काकांनी खिशातून भरली आणि आजही ती ते गावसकरच्या नावावर मांडतात.

कांबळी, २२४, इंग्लंडविरुद्ध, फेब्रुवारी १९९३. शेरा: 'प्रसूतिगृह. कन्या.' याची साग्रसंगीत आवृत्ती काकूंकडे आहे. नर्स बाहेर आली. काकांनी घाईघाईने विचारलं, "किती?" ती म्हणाली, "तीन किलो." काका म्हणाले, "ते नाही हो, कांबळी!"

जयसूर्या, नाबाद १५१, मे १९९७. शेरा: 'उकाडा. वीज गेलेली. बरे झाले.'

ऑक्टोबर २०१५. दक्षिण आफ्रिकेने ४ बाद ४३८ धावांचा डोंगर रचला. डी कॉक १०९, डू प्लेसी १३३, डिव्हिलियर्स ११९, एकाच डावात तीन शतकं. शेरा: 'रविवार. मटण. घशाखाली उतरेना.'

आणि हे सगळं वाचत दोन नोंदींपाशी आलो की कोणीही थांबतो. त्यांत शतक नाही, नियमाने त्या वहीत यायलाच नकोत. पण आहेत. सचिन, ९४, वेस्ट इंडीज, नोव्हेंबर २०११. साऱ्या देशाचा जीव तेव्हा त्याच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय शतकात अडकला होता. काकांना बँकेतल्या कोणाच्या तरी ओळखीने पास मिळालेला. सचिन नव्वदीत शिरला, तसं काकांच्या पोटात कालवाकालव सुरू झाली. ती भूक आहे असं समजून ते उठले. वडा हातात पडतो न पडतो तोच मागे सगळं स्टेडियम एकदम गप्प झालं. रामपॉलच्या चेंडूवर स्लिपमध्ये सॅमीने झेल घेतला होता. शेरा: 'वडापाव. चूक माझी.' पुढे मार्चमध्ये मीरपूरला ते शतक झालं, तेव्हा काका हळूच म्हणाले होते, "होणारच. मी तिथे नव्हतो ना."

दुसरी नोंद दोन वर्षांनंतरची. नोव्हेंबर २०१३, सचिनची शेवटची कसोटी. मुलीने तिकीट मिळवून दिलं. या खेपेला काका खाणंपिणंच काय, इतर सर्व देहधर्म रोखून जागेवर खिळून बसले. सचिन ७४ वर बाद झाला. गोलंदाज देवनारायण, झेल पुन्हा सॅमीचाच. शेरा: 'उठलो नाही. तरीही.'

हल्ली जावई त्यांना चिडवतो. तो खिशातून फोन काढतो, दोन बोटं फिरवतो आणि वानखेडेचा कुठलाही आकडा काका वहीपर्यंत पोहोचायच्या आत वाचून दाखवतो. काका रागावत नाहीत. "धनादेश वटवायला आता यंत्रं आली, आम्ही विरोध केला का?" म्हणतात. मग शांतपणे विचारतात, "त्या फोनला विचार, दोन एप्रिल दोन हजार अकराला, धोनी नाबाद एक्क्याण्णव करत होता तेव्हा, माझा कुठला पाय दुमडलेला होता?" जावयाचा फोन गप्प. वहीत उत्तर आहे: 'सोफा, डावा कोपरा. डावा पाय. हललो नाही. मुंग्या.' धोनीने षटकार मारून विश्वचषक आणला, सगळी डोंबिवली रस्त्यावर नाचायला उतरली आणि काका सोफ्यावर बसून पाय चोळत होते.

आता ७ नोव्हेंबर २०२३ च्या रात्रीबद्दल सांगतो, कारण त्या रात्रीत मीही आहे. विश्वचषक, वानखेडे, ऑस्ट्रेलिया विरुद्ध अफगाणिस्तान. इब्राहिम झादरानने नाबाद १२९ काढले, ते काकांनी रीतसर जमा केले. ऑस्ट्रेलियाला हव्या होत्या २९२ आणि झाले ७ बाद ९१. काकांनी टीव्ही बंद केला, खातं मिटवलं आणि झोपले. भिंत एकच, त्यामुळे त्यांचं घोरणं मला ऐकू येतं. इकडे मॅक्सवेल मारत सुटला. वांब येऊन तो मैदानात आडवा झाला, उठला, पाय जागचा न हलवता नुसत्या हातांनी षटकार मारायला लागला. मी बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. मागे काका, बंडीत, चष्म्याविना. "कोण गेलं?"

"कोणीच जात नाहीये, काका. मॅक्सवेल!"

टीव्ही लागला. काकांनी एकदा धावफलक पाहिला आणि दबक्या आवाजात हुकूम सोडला, "आहात तिथे थांबा." मी उंबरठ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. काकू हातात दाराची कडी धरून. तिकडे मॅक्सवेलचे पाय हलत नव्हते, इकडे आमचे हलू दिले जात नव्हते. ३३ वर मॅक्सवेलचा सोपा झेल सोडणारा मुजीब शेवटी गोलंदाजीला आला आणि मॅक्सवेलने त्याला ६, ६, ४, ६ असे फोडले. नाबाद २०१, १२८ चेंडूंत. एकदिवसीय सामन्यात वानखेडेवरची सर्वोच्च धावसंख्या. डी कॉकचे १७४ जेमतेम दोन आठवडे टिकले होते.

काका मात्र दुसरंच काहीतरी बघत होते. "कमिन्स बघ," ते म्हणाले. "अडुसष्ट चेंडू, बारा धावा. दोनशे दोनची भागीदारी आणि याच्या फक्त बारा!" त्यांनी वही काढली, लाल शाईने २०१ मांडले. मग जरा घुटमळले आणि खाली, सगळे नियम मोडून, हिरव्या चौकटीत लिहिलं: कमिन्स, नाबाद १२. काकू अजून कडी धरूनच उभ्या होत्या. "झालं असेल तर मी हात सोडू का?" त्यांनी विचारलं.

पुढे काही दिवसांनी मला राहवलं नाही. चहाला गेलो, तेव्हा वही उघडून त्या रात्रीचा शेरा वाचला. 'झोपलो. अक्षम्य. शेजाऱ्याने उठवले (उशिरा, १५० नंतर).'

"काका," मी म्हटलं, "दीडशे व्हायचे होते हो अजून. मी लगेच आलो होतो."

काकांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि खिडकीपलीकडून खोट्या सहीच्या चेककडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. "पावती आहे?"

नव्हती. काकांनी वही मिटली. तेव्हापासून वानखेडेच्या इतिहासात मी आहे, तो असा: उशिरा.